डावी कड

३ मार्च

ताई,

वर नुसतं ‘ताई’ लिहिलंय, कारण त्याच्या आधी काय लावायचं यातच जेवणाची अर्धी सुट्टी गेली. प्रेमाचं काही लिहिलं तर तू म्हणशील, आला परत काहीतरी गळ्यात मारायला. मानाचं लिहिलं तर हसशील. तेव्हा नुसतं ताई.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर आलो. दोन वर्षांत चार वेळा लावला. त्यातला एक चुकून लागला होता, म्हणजे खरे तीनच.

दुकानामागच्या गोदामात फ्रिजच्या खोक्यावर बसून लिहितोय. कागद जाड लागतोय ना? किमतीची पाटी आहे ती. आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला वरच्या रांगेतल्या टीव्हींच्या पाट्या बदलतात, आणि बदलतात म्हणजे वाढतात. टीव्ही तोच, भिंत तीच, पाटी नवी. जुन्या पाट्या मागून कोऱ्या असतात, मला फेकवत नाहीत. उलटून बघायची तर बघ, पण बघून लगेच फाडू नकोस.

गिऱ्हाईक दिवसातून दहा वेळा विचारतं, ‘एवढे पैसे द्यावेत का हो?’ माझं उत्तर पाठ आहे. मी म्हणतो, आकड्याकडे बघू नका, काळ्या रंगाकडे बघा. मग दिवे घालवतो आणि महागातला काळा आणि स्वस्तातला काळा शेजारी शेजारी दाखवतो. स्वस्तातला राखाडी दिसतो, माणूस गार पडतो. घरी कोणी दोन टीव्ही शेजारी ठेवत नाही, हे मी सांगत नाही. तुला सांगायला हरकत नाही, कारण तुला ते तुझ्या मेकॅनिकने आधीच सांगितलंय. माझ्या शब्दावर तू सगळ्यात महागडा घेतलास, आणि त्याने तो उघडून दाखवलं की आतला पडदा निम्म्या किमतीच्या टीव्हीतलाच आहे. मी फोनवर म्हणालो, आवाज वेगळा आहे, आतली चिप वेगळी आहे. मग तू ते वाक्य बोललीस. ते इथे लिहीत नाही. तुझ्याही लक्षात आहे, माझ्याही.

घरी सगळं ठीक. हिची शाळा, परीक्षा, पेपर तपासणं चालू आहे. बाबांनी ऑक्टोबरात नवा टीव्ही घेतला, मोठा. मजेत असतात. डावा डोळा जरा तक्रार करतोय, दाखवून आणलंय. विशेष काही नाही.

सहज लिहिलं.

२१ मार्च

ताई,

उत्तर नाही आलं. अपेक्षा नव्हतीच, पण तरी रोज दाराशी टपालाची पेटी उघडून बघतो. ही म्हणते, पेटीचं दार निखळेल.

‘विशेष काही नाही’ हे खोटं होतं. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं जवळजवळ संपलंय, आणि उजव्याचंही नाकाकडच्या बाजूने खात चाललंय. डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी कागदावर एक गोल काढला, त्याची डावी बाजू पेनने काळी केली आणि म्हणाल्या, यांना जग एवढं दिसतं. गेलेलं परत येत नाही. थेंब नेमाने घातले तर मधलं टिकेल. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून? बाबा म्हणाले, गेल्या जूनपासून. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं.

जूनमध्ये काय झालं ते सांगतो. बाबा संध्याकाळच्या बातम्या बघताना म्हणाले, टीव्ही शब्द गिळतोय. खाली ती पट्टी सरकते ना, उजवीकडून डावीकडे, तिच्यातले शब्द कडेला पोचायच्या आधीच नाहीसे होतात म्हणे. आणि निळा रंग मळलाय. आमच्या धंद्यात ही तक्रार रोजची आहे, ताई. पडद्याच्या कडेला आतून बारीक दिव्यांची माळ असते. ती एका बाजूने जायला लागली की ती कड अंधारते. जुन्या टीव्हींना हमखास होतं. आठवड्याला असे तीन येतात, आणि तिघांनाही मी नवा देऊन पाठवतो. मी म्हणालो, दिवे गेलेत बाबा.

त्यांनी ऑक्टोबरपर्यंत तसंच चालवलं. मग एका दुपारी स्वतःहून दुकानात आले. खिशात छापखान्यातली ती लाल नमुन्याची पट्टी होती. बिस्किटाच्या पुड्याचा लाल, त्यांनी एकोणीस वर्षं जुळवलेला. आठवतं ना, छापखान्यात नापास झालेले कागद घरी यायचे आणि आपल्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची? वर्गात सगळे आपल्याला बिस्किट म्हणायचे. तू रडायचीस, आणि बाबा कव्हरावर बोट ठेवून म्हणायचे, अगं यात पिवळा दोन थेंब जास्त आहे, म्हणून तर घरी आलं. तुझ्या रडण्याचं त्यांना कारणच वेगळं वाटायचं.

तर ती पट्टी घेऊन ते एकेका टीव्हीसमोर उभे राहिले. मी पडद्यावर सफरचंदांचं चित्र लावलं. आमचा मॅनेजर, ज्याला आम्ही मागे मोजपट्टी म्हणतो, तोसुद्धा बघायला आला. बाबांनी खालच्या रांगेतले सहा नापास केले. वरच्या रांगेतल्या शेवटच्याजवळ गेल्यावर पट्टी उंच धरली आणि म्हणाले, हा. तो सगळ्यात महाग होता. या पत्राच्या मागे त्याचीच पाटी आहे, आणि मागच्या पत्राच्या मागेही त्याचीच होती.

घरी लावताना टीव्ही पहिला प्रश्न विचारतो, घर की दुकान? मी दुकान निवडलं. त्याने उजेड पूर्ण चढतो, रंग अंगावर येतात. बाबा खूश झाले, म्हणाले, आता सगळं दिसतं. त्याची एकच अडचण. दर दहा मिनिटांनी वर एक पट्टी येते आणि टीव्ही स्वतःचं कौतुक सांगतो. बाबा पाच महिने ते कौतुक ऐकून घेतायत.

चूक झाली माझ्याकडून. टीव्हीवाल्याला टीव्हीच बिघडलेला दिसला.

१२ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी एकच ओळ, आणि ती अशी: ‘जुना टीव्ही तपासला होतास का?’

खाली सही नाही. गरज नव्हतीच. कार्ड आधी हिने वाचलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि पेपर तपासायला बसली. लाल पेन टेबलावर आपटत होती.

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, त्याचं कारण काम. काम खरंच होतं. पाट्या बदलल्या. या महिन्यात दर इतके चढलेत की मोजपट्टीने आम्हाला बोलावून नवं वाक्य शिकवलं: किंमत विचारली की म्हणायचं, पुढच्या महिन्यात यापेक्षा जास्त असेल. खोटं नाही ते. पण एखाद्याला घाईने घ्यायला लावायला तेवढं पुरतं.

गुरुवारी एक नवरा-बायको आले, साठीतले. बाई म्हणाल्या, आमच्या टीव्हीची डावी बाजू अंधारलीय. मी विचारलं, दोघांनाही तशी दिसते का? बाई म्हणाल्या, नाही, यांनाच. माझ्या हातून रिमोट खाली ठेवला गेला. मी त्या गृहस्थांना म्हणालो, उजवा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघत राहा. माझं बोट बाजूला नेलं. कधी दिसेनासं झालं ते सांगा म्हणालो. डॉक्टर बाई बाबांना असंच करायच्या. गृहस्थ गोंधळले, पण सांगत राहिले. मी म्हणालो, टीव्ही घेऊ नका, आधी डोळे दाखवा, आजच. ते रागावून निघून गेले. मोजपट्टी काचेआडून बघत होता. त्याने मला केबिनमध्ये घेतलं आणि विचारलं, तू नक्की काय विकतोस? त्यांचे डोळे चांगले असतील, नुसते दिवेच गेले असतील, तर मी एक विक्री फुकट घालवली. मला चालेल.

विषय सोडून चाललोय, कळतंय मला. तुझा प्रश्न राहिला.

हो, तपासला होता. जूनमध्येच. बाबा आंघोळीला गेले होते. मी रिमोटवरून पूर्ण पांढरा पडदा लावला, त्यात कडेचा एक दिवा गेला असला तरी काळा डाग उठून दिसतो. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा होता. वहीच्या नव्या पानासारखा. मी पाच मिनिटं त्याच्यासमोर उभा होतो. मग टीव्ही बंद केला, आणि बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले तेव्हा म्हणालो, दिवे गेलेत.

तेव्हा का म्हणालो, माहीत नाही. खरंच नाही. म्हातारपणी होतं थोडंफार असं वाटलं असेल, दवाखाना म्हणजे रजा असं वाटलं असेल. ऑक्टोबरचं मात्र माहीत आहे. त्या तिमाहीत मला वरच्या रांगेतला एक कमी पडत होता. एक. तो झाला नसता तर मला फ्रिजकडे पाठवणार होते. आणि दारातून बाबा आत आले, खिशावर हात ठेवून.

बस. आता हे पत्र मी परत न वाचता पाकिटात घालतोय.

३ मे

ताई,

मला फ्रिजकडे टाकलं. पंधरा वर्षं रंग विकले, आता दारं उघडून आतली जागा दाखवतो. लोक कोबी मावेल का विचारतात. कोबी मावतो. खोटं बोलायची फारशी सोय नाही, त्यामुळे दिवस संपता संपत नाही, आणि तरी माझा पाय एका जागी ठरत नाही. उगाच टीव्हींच्या बाजूला चक्कर मारून येतो. तिथे आता माझ्या जागी एक बाई आहेत, त्यांचा काळा रंग माझ्यापेक्षा छान खपतो.

तू दुसरं कार्ड पाठवलं नाहीस. मी पाठवत राहतो. कारण मागच्या वेळी मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल, आणि तसं नाही.

रविवारी दुपारी थेंब घालायला बाबांच्या खोलीत गेलो. ते खिडकीपाशी खाली बसले होते, त्यांची ती उत्तरेची खिडकी, आणि पुढे चकत्यांची पेटी. छापखान्यात वर्षातून दोनदा ज्यावर रंग जुळवणाऱ्यांची परीक्षा व्हायची ती. लालातून हिरव्यात, हिरव्यातून निळ्यात सरकत जाणाऱ्या चकत्या क्रमाने लावायच्या, आकडे मागच्या बाजूला. निवृत्तीला मालकांनी तीच पेटी भेट दिली तेव्हा आपण किती हसलो होतो. तू सगळ्या बरोबर लावायचीस. माझं हिरव्यात चुकायचं.

बाबांनी एक रांग लावली होती. मला म्हणाले, उलटून आकडे वाच. मी वाचायला लागलो. लालकडचे सगळे बरोबर. निळ्याकडे आलो तर चौदानंतर एकोणीस, मग बारा, मग सतरा. मी मध्येच मनाने बरोबर क्रम वाचायला लागलो. वीस, एकवीस, बावीस. बाबा म्हणाले, खोटं वाचू नकोस, मला आकडे पाठ आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून अशाच लागतात.

गेल्या उन्हाळ्यापासून, म्हणजे टीव्हीने शब्द गिळायच्या आधीपासून. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? आवाज चढला माझा, लाज वाटते सांगायला, पण चढला.

ते चकत्या पेटीत भरत म्हणाले, “तुला विचारलं होतं की.”

विचारलं होतं. ऑक्टोबरात, दुकानात, टीव्ही पसंत झाल्यावर. मोजपट्टी बिल करायला गेला होता. बाबांनी माझी बाही धरून मला वॉशिंग मशीनच्या रांगेत नेलं. तिथे कोणी नव्हतं. अगदी हळू बोलले, आपण लहानपणी मार्क सांगायचो तसे. म्हणाले, “तू यातला माणूस आहेस, खरं सांग. टीव्ही गेलाय की मी?”

आणि मी म्हणालो, “टीव्ही, बाबा.”

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, ताई, की काय सांगू. माझ्या खांद्यावर थाप मारली. बिल करताना कार्डाचा गुप्त आकडा मोठ्याने बोलले, सगळ्या दुकानाने ऐकला. मोजपट्टीने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर उजवा डोळा आज आहे त्यापेक्षा बराच चांगला असता. डॉक्टर बाईंनी हे मला सांगितलं नाही. मीच दोनदा विचारून त्यांच्या तोंडून काढून घेतलं.

रविवारी बाबा एवढंच म्हणाले की मलाही तेच ऐकायचं होतं. माझा दोष कमी व्हावा म्हणून म्हणाले असतील, किंवा खरंही असेल. पण माणूस मला प्रश्न विचारत होता. गिऱ्हाईक असतं तर त्याने ‘एवढे पैसे द्यावेत का’ विचारलं असतं. त्यांनी ते विचारलंच नाही. टीव्ही गेलाय की मी एवढंच विचारलं, आणि मी किमतीचं उत्तर दिलं.

तू फोनवर म्हणाली होतीस, “उद्या तू बाबांनाही गिऱ्हाईक करशील.” हे ते वाक्य. दोन वर्षं मी त्यावर धुमसत होतो. हिला सांगायचो, सख्ख्या भावाला कोणी असं बोलतं का. त्यातलं पहिलं वर्ष नीट धुमसलो. दुसऱ्या वर्षी मनात उत्तर तयार करायला बसलो की ऑक्टोबर आठवायचा.

टीव्ही विकून टाकू म्हणालो. चौकशीही केली. सात महिन्यांत आपल्याची किंमत निम्म्याच्या खाली आलीय, आणि तोच नवा घ्यायचा तर ऑक्टोबरपेक्षा कितीतरी जास्त. बाबा म्हणाले, राहू दे, लाल अजून बरोबर दिसतो. आता ते पडद्यापासून दोन हातांवर खुर्ची घेऊन बसतात, मान डावीकडे वळवून. कौतुकाची पट्टी मी बंद केली, घर निवडलं. उजेड कमी झाल्यावर ते म्हणाले, हा खरा आहे होय. खालच्या बातम्या मी वाचून दाखवतो. मी वगळलं की त्यांना कळतं.

१० मे

ताई,

हा साधा कागद आहे. मागे काही नाही, उलटू नकोस.

तुझं दुसरं कार्ड काल आलं. परत एकच ओळ: ‘बाबांना मी दिसेन का?’

माझ्याबद्दल एक शब्द नाही. बरं केलंस. मी ते चार वेळा वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं, आणि पुसायला चष्मा काढला तो त्यांना पंधरा मिनिटं सापडेना. डावीकडेच ठेवला होता.

दिसशील. पण नीट वाच, कारण या वेळी मी हातचं काही राखलेलं नाही. मधलं अजून शाबूत आहे. परवाच मोजलं, महिन्याभरात घसरलेलं नाही. थेंब दिवसातून चार वेळा, मी आणि ही वाटून घालतो, अजून एकदाही चुकलेला नाही. किती दिवस टिकेल ते डॉक्टर बाई सांगत नाहीत. मीही सांगणार नाही. पण थांबू नकोस, दाजींना रजा मिळत नसेल तर एकटी ये.

सकाळी पोचणारी गाडी घे, म्हणजे उजेड असेल. बाबा तुला घ्यायला येणार म्हणतायत, ऐकत नाहीत. गर्दी उतरून जाऊ दे, मग उतर. लांबून हात हलवू नकोस, त्यांना कळणार नाही आणि कळलं नाही म्हणून दिवसभर त्रास करून घेतील. त्यांच्या नाकासमोर, दोन हातांवर येऊन उभी राहा आणि जरा स्थिर राहा. चेहरा दिसेल. बॅग दिसणार नाही, हात मध्ये आणलास तर दिसेल. निळं नेसलीस तर ते हिरवं म्हणतील, तू हो म्हणू नकोस. सरळ सांग, निळं आहे म्हणून. त्यांना आता तेच हवं असतं. लाल असेल तर त्यात पिवळा किती जास्त ते ते आपणच सांगतील.

मी त्यांच्या डाव्या बाजूला असेन, हात धरून. रोज तिथेच असतो, कारण ठेच तिकडून लागते. त्यांना मी तिथे दिसत नाही. तुला दिसेन. माझ्याकडे बघायचं की नाही, ते तू ठरव.

बाबांकडे मात्र समोरून ये.